नियांगचा दाखला

रूथबाईंना सरकारने कधी नोकरी दिली नाही, नुसतं बोलावलं. आमच्या तहसील कचेरीच्या मागे दुय्यम कारागृह आहे. चार खोल्या, आणि त्यातली चौथी बायकांची. वर्षातून पाच-सात वेळा एखादी बाई कैदी येते. एरवी त्या खोलीत जुन्या मतपेट्या, मोडक्या खुर्च्या आणि कुणी विचारणार नाही अशी दप्तरं पडून असतात. बाई आली की शिपाई मतपेट्या बाहेर काढतो आणि मी रूथबाईंना फोन लावतो. बाईची झडती बाईनेच घ्यायची आणि ती आत असेतोवर दाराशी बाईच बसायची, असा नियम आहे. आतली बाई सुटली की रूथबाईंची ड्यूटीही सुटते. बावीस वर्षं हे असंच चाललं आहे.

मी जोएल पाटोळे, त्या कचेरीत अव्वल कारकून. तुरुंगाचं टेबल नऊ वर्षं माझ्याकडे आहे, कारण ते दुसऱ्या कुणाला नको असतं. रविवारी मी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, चिटणीस असतो, तेही त्याच कारणाने. रूथबाई याच मंडळीच्या. कचेरीत त्या मला भाऊसाहेब म्हणतात आणि चर्चच्या पायरीवर जोएलभाऊ. गेल्या वर्षभरात मात्र दोन्हीकडे भाऊसाहेबच म्हणतात, आणि ते का, हेच मला सांगायचं आहे.

रूथबाईंची आई मिशनची बायबल-बाई होती. नेवाशाकडच्या खेड्यांत छत्री आणि चित्रांची पुठ्ठ्याची पानं घेऊन हिंडायची, बायकांना गोष्टी वाचून दाखवायची. कुठल्याही घरी गेली की आधी पाणी मागायची. पाणी देतात का, आणि कशातून देतात, यावरून तिला घर कळायचं. रूथबाईंनी ती रीत उलटी केली. कुठलीही बाई तुरुंगात आली की त्या आधी तिच्या हातात पाण्याचा तांब्या देतात आणि मगच अंगाला हात लावतात. दारू गाळणारी असो, जावेला पेटवणारी असो, आधी पाणी. एकदा एका फौजदाराने त्यांना घाई केली तेव्हा त्या म्हणाल्या, "सायेब, ती कुठं पळून चालली हाय? आन् पळाली तर तान्हेली पळंल."

नवरा डेव्हिड साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. तो दारूने गेला, आणि रूथबाई ते लपवत नाहीत. मुलगी जेनिफर पुण्यात नर्स आहे. घर दोन खोल्यांचं, त्यातली एक मुलगी गेल्यापासून रिकामी. ही रिकामी खोली ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यासाठीच झालं.

२०२३च्या ऑगस्टात पोलिसांनी हायवेवरच्या एका पॅकिंगच्या शेडमधून एक मुलगी आणली. वय सव्वीस-सत्तावीस, ठेंगणी, गोरी, अंगात उन्हाळ्यातही न काढलेलं असावं असं निळं जॅकेट. आधार कार्डावर नाव वेगळं आणि पत्ता मिझोरामचा. ते कार्ड तिला एका लेबर कंत्राटदाराने काढून दिलं होतं. त्यानेच तिला आधी नागापूरच्या एमआयडीसीत आणि मग आमच्या तालुक्यात कामाला लावलं होतं. कंत्राटदार सापडला नाही. तो कधीच सापडत नाही.

रूथबाईंनी पाणी दिलं. मुलीने दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि पिण्याआधी डोळे मिटून ओठ हलवले. रूथबाईंनी ते बरोबर ओळखलं. मग जॅकेटच्या आतल्या खिशातून एक लहान बायबल निघालं, आणि त्याच्या कव्हरात घडी केलेला एक कागद. रूथबाई तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. वरची भाषा कुणालाच कळेना, खालच्या अर्ध्यात इंग्रजी होतं. रूथबाईंना ना हे वाचता येत होतं ना ते. पण त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, हा मंडळीचा दाखला हाय."

तो खरोखरच मंडळीचा दाखला होता. आमच्यात कुणी गाव सोडून निघालं की जुनी मंडळी नव्या मंडळीच्या नावे चिठ्ठी देते: अमुक भगिनी आमची सभासद असून तिची वागणूक ख्रिस्ती माणसाला शोभेशी आहे, तिला आपल्यात सामील करून घ्यावे. खाली पाळकाची सही, दोन वडीलजनांच्या सह्या, गोल शिक्का. तिकडेही मिशननेच शिकवलेलं, त्यामुळे चार ओळींचा साचा अगदी तोच. नाव होतं नियांग. खाली मंडळीचं नाव आणि गावाचं नाव. तालुका, जिल्हा, देश, काही नव्हतं.

नियांगला मोडकं हिंदी येत होतं. रूथबाईंचं हिंदी तर त्याहून मोडकं. तरी आठ दिवसांत दोघींचं जमलं. खानावळीतून येणारं वरण-भात मुलगी चिवडून ठेवायची. एक दिवस रूथबाईंनी परवानगी काढून घरून अंबाडीची भाजी आणली. नियांगने वास घेतला आणि तिथेच रडायला लागली. तिच्या घरी हीच आंबट पानं खातात, रोज खातात. त्या दिवशी तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या. मला त्या भाकऱ्यांचा आनंद झाला, हेही सांगून टाकतो, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

हळूहळू तिची हकिकत बाहेर आली, मला नव्हे, रूथबाईंना. सैन्याने गाव जाळलं. भाऊ गोळीने गेला. आई कशीबशी नदी ओलांडून मिझोरामच्या एका छावणीत पोचली, तिथे अजून आहे. नियांग आईसाठी कामाला बाहेर पडली आणि कंत्राटदाराच्या हाती लागली. तिला एवढंच हवं होतं, सुटायचं आणि आईकडे जायचं. रूथबाईंनी ठरवलं की तिला जामिनावर आपल्या घरी न्यायचं, जेनिफरच्या खोलीत. जामीनदार त्या स्वतः राहणार होत्या. खोली झाडूनही ठेवली. खिडकीला पडदा लावला, जो स्वतःच्या मुलीला कधी लावला नव्हता.

विधी सेवेकडून ज्ञानेश्वरी नावाच्या तरुण वकीलबाई मिळाल्या होत्या. त्या नगरहून एसटीने यायच्या. त्यांनी आम्हाला समजावलं होतं: पोलिसांकडे आधार कार्डापलीकडे काही नाही. ते खोटं आहे असं मिझोरामहून लेखी येईपर्यंत महिने जातील. तोवर जामीन होईल. मुलीने काही बोलायचं नाही, बाकी मी बघते. आम्ही मान डोलावली. मुलीने काही बोलायचं नाही, एवढं आमच्या डोक्यात शिरलं. आम्हीही काही बोलायचं नाही, हे शिरलं नाही.

जामिनाच्या तारखेआधी दोन दिवस रूथबाई दाखला घेऊन आल्या. म्हणाल्या, "कोर्टातल्या सायबांना हे वाचाय दिलं तर? वागनूक चांगली हाय म्हनून लिवलंय की. तिच्या पाळकाची सही हाय. सायेब मानूस हाय, वाचंल." मलाही ते पटलं. वकीलबाईंना फोन करावा असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. लहानपणापासून आम्ही एकच शिकलो आहोत की मंडळीचा दाखला हातात असला की दार उघडतं. बोर्डिंगात तोच लागला, मिशनच्या दवाखान्यात तोच लागला, लग्न जमवताना तोच लागला. तो कागद कुणाचं वाईट करील, हे आमच्या टाळक्यात येणारच नव्हतं.

मी बसलो भाषांतराला. मराठी सुरेख उतरलं. पण खाली नुसतं गावाचं नाव बघून मला चैन पडेना. तीस वर्षं मी एकच काम केलंय: गाव, तालुका, जिल्हा. पत्ता अपुरा असला की कागद परत येतो, आणि परत आलेला कागद म्हणजे कारकुनाची नाचक्की. मी रूथबाईंना म्हटलं, तिला जरा विचारा, हे गाव कुठं आहे. दाराच्या गजांतून रूथबाईंनी विचारलं. नियांगने तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून फरशीवर नदी काढली. नदीच्या अलीकडे एक ठिपका, तिथे आई. पलीकडे एक ठिपका, ते गाव. मग तिने आपल्या तालुक्याचं नाव सांगितलं, प्रांताचं सांगितलं. रूथबाई विचारताहेत म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं.

मी ते सगळं दाखल्याच्या भाषांतराखाली लिहिलं. चिन प्रांत, आणि त्यापुढे, साहेबांना अडचण नको म्हणून, देश म्यानमार. खाली सही केली, हुद्द्याचा शिक्का मारला आणि तुरुंगातल्या वर्तणुकीच्या अहवालाला जोडून कोर्टात पाठवून दिलं.

तारखेला वकीलबाईंची एसटी उशिरा आली. त्या पोचल्या तेव्हा सरकारी वकील तोच कागद वाचून दाखवत होते. आवाजही चढवला नाही त्यांनी. म्हणाले, आरोपी परदेशी असल्याचं तुरुंगाच्याच अहवालासोबत आलं आहे, आम्हाला वेगळं काही सांगायचं नाही. जामीन नामंजूर झाला. व्हरांड्यात ज्ञानेश्वरीबाईंनी मला विचारलं, "हे खालचं कुणी लिहिलं?"

"मी. साहेबांना समजावं म्हणून."

"साहेबांना आता नीट समजलंय, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या आणि पुढच्या केसच्या फायली उचलून आत गेल्या.

रूथबाई तिकडे नियांगजवळ उभ्या होत्या. त्यांना वाटलं, साहेब कडक निघाले. मी तो गैरसमज तसाच राहू दिला. भित्रा माणूस गप्प बसला की लोक त्याला सभ्य म्हणतात. मी तसा सभ्य माणूस आहे.

एप्रिलमध्ये वकीलबाईंनी गुन्हा कबूल करायला सांगितलं, कारण आता दुसरं काही उरलं नव्हतं. कोर्टाने आठ महिन्यांची शिक्षा दिली आणि आठ महिने ती आत होतीच. शिक्षा तिथल्या तिथे पुरी झाली. रूथबाईंनी पिशवी भरून आणली होती, एक नवं पातळ, चपला, खोबरेल तेलाची बाटली. पण निकालाखाली एक ओळ होती: परत पाठवणीची व्यवस्था होईपर्यंत आरोपीस ताब्यात ठेवावे. परदेशी माणसाला ठेवायला आमच्या तालुक्यात वेगळी जागा नव्हती. वरून तोंडी निरोप आला, सध्या आहे तिथेच ठेवा.

म्हणजे मुलगी तीच, खोली तीच, कुलूप तेच. फरक माझ्या रजिस्टरात पडला. ती आता कैदी नव्हती, म्हणून कैद्यांच्या यादीत तिचं नाव येईना. यादीत नाव नाही म्हणून खानावळीचा डबा बंद झाला. बाई कैदी नाही म्हणून रूथबाईंची ड्यूटीही संपली. तहसीलदार साहेब बिचारे भले होते. त्यांनी तीन वेळा मार्गदर्शन मागवलं. वरून उत्तर आलं की प्रस्ताव योग्य मार्गाने सादर करावा. आम्ही योग्य मार्गाने सादर केला. दिल्लीला निर्वासितांच्या कचेरीलाही मी पत्र घातलं, या वेळी वकीलबाईंना दाखवून. पोच आली, उत्तर आलं नाही.

ड्यूटी नसताना रूथबाई रोज येत राहिल्या. सकाळी नऊला डबा घेऊन यायच्या आणि संध्याकाळी पाचला कचेरी बंद होताना जायच्या. मधल्या वेळात दोघी गीतं म्हणायच्या, चाल एक आणि शब्द दोन भाषांतले. शिपायाला ते पाठ झालं होतं. मग पावसाळ्यात नियांग म्हणेनाशी झाली. रूथबाई एकट्याच म्हणायच्या. पुढे अंबाडीचा डबाही भरलेलाच परत जायला लागला. एकदा मी गजांतून पाहिलं, ती पाण्याने फरशीवर काहीतरी काढत होती. नदी नव्हती. नुसत्या रेघा होत्या, एकाखाली एक, आणि वाळल्या की ती परत काढायची.

सप्टेंबरात वकीलबाईंनी रूथबाईंना सगळं सांगितलं. कुणी मुद्दाम चहाडी केली असं नाही. रूथबाईंनीच विचारलं होतं की एवढ्या चांगल्या दाखल्यावर साहेब चिडले कशाने. मला कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. त्या गहू निवडत बसल्या होत्या. आतल्या खोलीचा पडदा दिसत होता. मी उभाच राहिलो, म्हटलं, "रूथबाई, माझं चुकलं."

त्यांनी हात थांबवला नाही. एक खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "मी तुमाला ते वाचाय दिलं हुतं, भाऊसाहेब. भरायला न्हाई."

मी म्हणालो, तिने स्वतः सांगितलं, मी खोटं काही लिहिलं नाही. हे बोलताना माझीच मला किळस आली.

"तिनं मला सांगितलं," रूथबाई म्हणाल्या. "मी इचारलं म्हनून सांगितलं. माज्या तोंडानं तुमी इचारलं. आता मी तिला काय तोंड दावू?"

मी निघालो. त्या दिवशी रूथबाईंनी मला पाणी विचारलं नाही. जावेला पेटवणाऱ्या बाईलाही पाणी देणाऱ्या रूथबाईंनी.

जानेवारीत पाठवणीचा हुकूम आला. नगरहून गाडी येणार, सोबत महिला पोलीस असणार, त्यामुळे रूथबाईंना गाडीत जागा नव्हती. त्यांनी मागितली होती. पुढे कुठे नेणार, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आई नदीच्या अलीकडे होती आणि हिला पलीकडे पाठवायचं होतं, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

आदल्या रविवारी उपासना झाल्यावर रूथबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, आपल्या मंडळीचा दाखला द्या तिला. दीड वरीस आपल्यात हुती. गाव सोडून चालली तर रिकामी कशी धाडायची?" नियांग आमच्या चर्चात एकदाही आली नव्हती. पण पाळकसाहेबांनी सही केली, दोन वडीलजनांनीही केल्या. मी लिहिलं: भगिनी नियांग आमची सभासद असून तिची वागणूक ख्रिस्ती माणसाला शोभेशी आहे. कोणत्या मंडळीच्या नावे द्यायचा, ती जागा कोरी ठेवली. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. तीस वर्षांत असा अपुरा कागद मी पहिल्यांदाच शिक्का मारून दिला.

मंगळवारी अकरा वाजता गाडी आली. नियांगने नवं पातळ नेसलं नाही, तेच निळं जॅकेट घातलं. रूथबाईंनी तिला पाणी दिलं, ती प्याली. मग रूथबाईंनी दाखला तिच्या हातात ठेवला. तिने तो उघडला. अक्षरं कळली नाहीत, पण चार ओळी, तीन सह्या आणि गोल शिक्का तिला कळला. साचा तोच होता. तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं, कागदाची होती तशीच घडी घातली आणि रूथबाईंच्या मुठीत परत ठेवून मूठ मिटली.

"कागद नको, मावशी," ती म्हणाली. दीड वर्षात ती शिकली होती ते मराठी, अगदी स्वच्छ.

तेलाची बाटली तिने घेतली. गाडीत बसताना तिने माझ्याकडे एकदा बघितलं. तिला कुणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. गाडी गेली आणि शिपायाने दुपारीच मतपेट्या परत आत लावल्या.

त्यानंतर काही कळलं नाही. नगरला फोन केला तर म्हणाले पुढे पाठवली. पुढच्यांना केला तर म्हणाले अशी नोंद दिसत नाही. छावणीतल्या आईचं नाव आम्ही कधी विचारलंच नव्हतं. बाकी सगळं विचारलं होतं. आमच्या मंडळीच्या रजिस्टरात मी नियांगचं नाव चढवलं आहे. शेवटचे दोन रकाने असतात, स्थलांतर आणि मृत्यू. यंदाच्या वार्षिक सभेआधी पाळकसाहेबांनी विचारलं, यातला कुठला भरायचा. मी म्हटलं, राहू द्या.

परवा पुन्हा एक बाई आली. ऊसतोडीला कर्जतकडे चाललेली, मुकादमाशी भांडणात कोयता उगारला म्हणून. मी फोन लावला. रूथबाई आल्या, दार लावून घेतलं. पाण्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळाने त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मी रजिस्टर उघडलं, झडतीत मिळालेल्या वस्तूंचा रकाना काढला आणि विचारलं, काय काय मिळालं.

"काय न्हाई," रूथबाई म्हणाल्या.

त्यांची डावी मूठ पदराखाली होती. घडी केलेल्या कागदाचं एक टोक बोटांमधून बाहेर दिसत होतं. मला ते दिसलं आणि मला दिसलं हे त्यांनाही दिसलं. तरी त्यांनी मूठ लपवली नाही. माझ्या डोळ्यांत बघत तिथेच उभ्या राहिल्या, तुरुंगाच्या दारात उभ्या राहतात तशा.

"निरंक लिवा, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या.

मी निरंक लिहिलं.